टिकलीखालचे शब्द

कमरुद्दीन : हलू नका मास्तर. तुमच्या पायाखाली दोन हायेत.

हेमचंद्र : कुठं?

कमरुद्दीन : डाव्या. अंगठ्याला एक चिकटली बी हाय. कागदाला चिकटत न्हाई, तुमच्या अंगठ्याला बरी चिकटली.

हेमचंद्र : पंखा बंद केलास?

कमरुद्दीन : आल्याआल्या तेच केलं. पंख्याखाली कशाला काढलं पान?

हेमचंद्र : फ्रेमवाल्याकडं न्यायचं होतं. इंदूचं कपाट उघडलं, फाइल काढली, टेबलावर ठेवली. ती गेल्यापासून पहिल्यांदाच उघडली. क्षणभर सगळं जागेवर होतं. मग सगळं हवेत.

कमरुद्दीन : आन किती मोठ्यानं ओरडला. मला वाटलं तुमीच गेलात. दुकान उघडं टाकून आलोय.

हेमचंद्र : मी ओरडलो नाही.

कमरुद्दीन : आमची गौहर माजघरात हुती, तिला ऐकू गेलं. तिला एरवी मी हाका मारतो ते ऐकू येत न्हाई.

हेमचंद्र : तो कोपरा बघ. कपाटाखाली.

कमरुद्दीन : हायेत. लई हायेत. मुंग्या एक घेऊन चालल्यात.

हेमचंद्र : सोडव ती.

कमरुद्दीन : सोडवली. आता ऐका. सगळ्या गोळा करू, तुमी बसा, एकेक लावत जावा. त्यात काय एवढं?

हेमचंद्र : कुठं लावू? हे काय चोळीवर खडी लावायचं काम आहे? आठवीच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं पहिलं पान आहे हे. संविधानाची उद्देशिका. इंदूनं नको ते शब्द टिकल्यांनी झाकले आणि जे उघडे ठेवले त्यांची कविता झाली. टिकली एका शब्दानं इकडं सरकली तर कविता तिची राहत नाही.

कमरुद्दीन : मला काय सांगता? टिकल्या माज्याच दुकानातल्या. बाई पाकिटंच्या पाकिटं न्यायच्या. मी गौहरला म्हनलो, रिटायर झाल्यावर बाईंनी टिकल्यांचा धंदा काढला वाटतं.

हेमचंद्र : सगळ्या तुझ्या नाहीत. लांब शब्दांना तुझ्या काळ्या. छोट्या शब्दांना तिच्या स्वतःच्या, मरून. वापरून आरशाला चिकटवून ठेवलेल्या.

कमरुद्दीन : मग कशा राहतील? कपाळाचा घाम लागलेली टिकली. म्हनायचं टिकली, आन टिकत काय न्हाई.

हेमचंद्र : मी तिला म्हटलं होतं, काळं पेन घे आणि मार रेघा. सोपं पडेल. तर म्हणाली, संविधान खोडायचं नसतं. खोडलेला शब्द परत येत नाही. झाकलेला वर काढता येतो.

कमरुद्दीन : आले की वर. सगळेच आले.

हेमचंद्र : सव्वीस तारखेला शाळेत न्यायचंय. संविधान दिन. मुलं उद्देशिका वाचणार, मग हे पान वाचनालयात लावणार. हेडमास्तर राधाकृष्ण सर स्वतः येऊन सांगून गेले. तिनं त्याच शाळेत आयुष्य काढलं. पान जसं तिनं केलं तसंच गेलं पाहिजे.

कमरुद्दीन : सरांनी वाचलंय का ते?

हेमचंद्र : नाही. कार्यक्रमपत्रिकेत त्यांनी 'हस्तकला' असं टाकलंय.

कमरुद्दीन : मग बरंय.

हेमचंद्र : त्यांना वाटतंय टिकल्यांचा मोर आहे.

कमरुद्दीन : एक फोटो बी न्हाई का याचा?

हेमचंद्र : भार्गवीकडं आहे. इंदूनं पाठवला होता. पण तिला मागितला तर ती विचारणार, कशाला. आणि मग मला सांगावं लागणार की आईचं पान मी पंख्याखाली धरलं. तिला काही बोलायचं नाही. कळलं?

कमरुद्दीन : मी कशाला बोलतोय? बरं, आठवतंय तेवढं म्हना. आपन दोघं मिळून लावू.

हेमचंद्र : 'आम्ही.' हा उघडा होता.

कमरुद्दीन : व्हय. त्याच्याफुडं 'भारताचे', ते झाकलेलं. मी विचारलं हुतं, बाई, भारतावर टिकली का लावली, कोनी बघितलं तर? तर म्हनल्या, कोनाचे लोक हे लोकांना म्हाईत असतं, सारखं सांगायला लागत न्हाई.

हेमचंद्र : मग 'लोक'. मग 'एक'. मग एकदम 'गणराज्य घडविण्याचा'. मधलं सगळं झाकलेलं. मग खाली 'विचार'. आणि तळाला 'करत आहोत'.

कमरुद्दीन : 'विचार' न्हाई. 'निर्धार'.

हेमचंद्र : 'विचार'. 'आम्ही लोक एक गणराज्य घडविण्याचा विचार करत आहोत.' अजून विचारच करतोय. त्यातच तर गंमत आहे. वाचून दाखवताना ती इतकी हसली की चष्मा काढून पुसला.

कमरुद्दीन : माज्या दुकानात येऊन वाचलं तवा हसल्या न्हाईत. 'आम्ही लोक एक गणराज्य घडविण्याचा निर्धार करत आहोत.' गौहरनं बांगड्या दाखवायच्या थांबवल्या. गिऱ्हाईक बाई बी थांबली. शिक्षकाच्या तोंडून निर्धारच येनार मास्तर. विचार करत आहोत, हे काय शिक्षक म्हनंल का पोरांना?

हेमचंद्र : तुला नीट आठवत नसेल.

कमरुद्दीन : मला कोनच्या घरात किती नंबरची बांगडी जाती ते आठवतं.

हेमचंद्र : बांगडी वेगळी.

कमरुद्दीन : बरं, तुमी विचार करा. मी उद्या राहात्याला चाललोय, माज्या पोरीच्या, कैनातच्या नंदेचं लग्न हाय. तीन दिवस दुकान बंद. आल्यावर बघू. तवर पंखा लावू नका.

(चार दिवसांनी. तीच खोली. पंखा बंद. भार्गवी नुकतीच नगरहून आली आहे, पिशवी अजून खांद्यालाच.)

भार्गवी : बाबा, बसा इथं. मी चिडणार नाहीये.

हेमचंद्र : तू उद्या सकाळी येणार होतीस ना?

भार्गवी : आज आले. शेजारच्या भागूबाईंचा फोन आला होता.

हेमचंद्र : का?

भार्गवी : बाजारात दिसलात म्हणे. टिकल्या घेत होतात.

हेमचंद्र : भागूबाईंना दुसरं काही काम नाही.

भार्गवी : घेतल्यात की नाही?

हेमचंद्र : घेतल्या.

भार्गवी : अर्धा तास निवडत होतात म्हणे. एकेक पाकीट उन्हात धरून. बाईला म्हणालात, रंग जरा गडद पाहिजे, गोऱ्या कपाळावर उठून दिसेल असा.

हेमचंद्र : कपाळ मी म्हटलंच नाही. पांढऱ्यावर म्हटलं होतं.

भार्गवी : बाबा, कोण आहे?

हेमचंद्र : कोण कोण?

भार्गवी : मला चालेल. खरंच चालेल. माणसाला सोबत लागते. मी काही जुन्या वळणाची नाही. पण आईला वर्ष तरी होऊ द्यायचं होतं.

हेमचंद्र : तू काय बोलतेयस ते मला कळत नाहीये. मला काळ्या हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत.

भार्गवी : काळ्या? काळी टिकली कोण लावतं?

हेमचंद्र : 'धर्मनिरपेक्ष'ला काळ्याच होत्या.

भार्गवी : म्हणजे ती दुसऱ्या धर्माची आहे? असू दे. त्याचंही मला काही नाही. गौहरचाचीच्या नात्यातली आहे का? बाबा, हसू नका.

हेमचंद्र : मी हसत नाहीये. थांब. ते टेबलावरचं वर्तमानपत्र उचल. हळू. श्वास सोडू नको त्याच्यावर.

भार्गवी : हे काय आहे? हे आईचं... बाबा, हे सगळं उघडं कसं?

हेमचंद्र : पंखा चालू होता.

भार्गवी : आणि हे पेढ्यांच्या बॉक्समध्ये?

हेमचंद्र : सापडल्या तेवढ्या. त्यात तिच्या जुन्या आहेत, त्यांना डिंक लावायचा म्हणतोय. कमी पडल्या तेवढ्याच विकत आणल्या. कमरुद्दीनचं दुकान बंद होतं म्हणून बाजारात गेलो. बास. बाई वगैरे कोणी नाही.

भार्गवी : देवा. मी गाडीत रडत आले, बाबा. मिरजगाव येईपर्यंत.

हेमचंद्र : कशाला?

भार्गवी : तिला मी काय म्हणून हाक मारायची, याचा विचार करत.

हेमचंद्र : पाणी पी.

भार्गवी : तुम्ही मला फोन का नाही केला? माझ्याकडं फोटो आहे.

हेमचंद्र : दाखव.

भार्गवी : हा बघा. फेब्रुवारीतला.

हेमचंद्र : हा तर अंगठा आहे.

भार्गवी : आईच्या सगळ्या फोटोंत अंगठा असतो. वरच्या अर्ध्या पानावर अंगठा आणि खालचं अर्धं पान फोटोत आलंच नाही. मी तिला म्हटलंही होतं, परत पाठव. तर म्हणाली, घरी ये आणि वाच.

हेमचंद्र : जरा मोठा कर. अंगठा.

भार्गवी : अंगठ्यात काय बघताय?

हेमचंद्र : सुरी लागली होती तेव्हाची पट्टी आहे. कैरी चिरताना. बंद कर आता.

भार्गवी : आई काय वाचायची, ते तुम्हाला आठवत असेलच ना?

हेमचंद्र : सगळं आठवतं. एक शब्द सोडून. मला 'विचार' आठवतो आणि कमरुद्दीनला 'निर्धार'. चार दिवस मी ह्या एका जागेवर अडून बसलोय. आणि उद्या सकाळी आठला कार्यक्रम आहे.

भार्गवी : 'निर्धार'च असणार, बाबा. उद्या शाळेत 'विचार करत आहोत' लावलं तर राधाकृष्ण सरांना घाम फुटेल. कोणीतरी पालक फोटो काढून टाकेल ग्रुपवर, संविधानाचा अपमान म्हणून.

हेमचंद्र : सरांना घाम फुटेल म्हणून शब्द बदलायचा?

भार्गवी : मी तसं म्हटलं नाही.

हेमचंद्र : तसंच म्हणालीस. तिचा शब्द काय होता एवढंच मला पाहिजे. सोयीचा कुठला ते नको.

कमरुद्दीन : मास्तर, आत येऊ का? का पाहुनी आलीय?

भार्गवी : चाचा, मीच आहे. या.

कमरुद्दीन : पोरी, तू हायस व्हय. बाहेर भागूबाई म्हनली, मास्तरांकडं बाई आलीय, पिशवी घेऊन.

हेमचंद्र : तिला आत बोलाव. दाखव ही बाई.

कमरुद्दीन : ते ऱ्हाऊ द्या. आधी मला ह्याचं उत्तर द्या. तुमी बाजारातनं टिकल्या घेतल्या. माजं दुकान ह्या गल्लीत असताना. स्टँडवर उतरलो न्हाई तर दोघांनी विचारलं, मास्तरांचं आन तुजं काय बिनसलं?

हेमचंद्र : तुझं दुकान बंद होतं.

कमरुद्दीन : शटर वाजवायचं. आमचा पोरगा परवेझ वरच्या खोलीत झोपलेला असतोय. आन हा काय माल हाय? हा डिंक हाय का थुंकी? दुपारपर्यंत गळून पडंल.

भार्गवी : चाचा, भांडण नंतर. आई काय वाचायची, विचार की निर्धार?

कमरुद्दीन : निर्धार. कुरानावर हात ठेवून सांगंन.

हेमचंद्र : आणि मी काय खोटं बोलतोय?

कमरुद्दीन : मी कुठं म्हनलं? थांबा. गौहरनं हे दिलंय.

भार्गवी : पावडरचा डबा?

कमरुद्दीन : लग्नात सगळ्यांना सांगितलं मी हे. मास्तरांच्या टिकल्या उडाल्या म्हनून. सगळे हसले. गौहर हसली न्हाई. म्हनली, टिकली पडली तरी डिंक कपाळावर ऱ्हातोच की. तोंडाला पावडर लावली की त्या जागी पांढरा ठिपका उठतो. कुठल्या बी बाईला विचारा. कागदावर बी उठंल.

भार्गवी : हे मला कसं सुचलं नाही.

हेमचंद्र : मला सुचायचा प्रश्नच नव्हता.

कमरुद्दीन : कापसानं लावा. हलक्या हातानं. फुंकू नका, झटका.

भार्गवी : थांबा, मी करते. 'भारताचे'... उठला. चाचा, खरंच उठला. हा गोल बघा. 'आम्ही'वर काही नाही. 'लोक'वर नाही.

हेमचंद्र : 'एक'वर?

भार्गवी : नाही. 'सार्वभौम'वर आहे. 'समाजवादी'वर तीन आहेत ओळीनं.

हेमचंद्र : 'गणराज्य' उघडं असलं पाहिजे.

भार्गवी : उघडंच आहे. 'घडविण्याचा'पण. बाबा, तुम्हाला सगळं बरोबर आठवतंय.

हेमचंद्र : खाली चल.

भार्गवी : 'न्याय'वर ठिपका आहे.

कमरुद्दीन : न्यायावर बी? मी तेच इचारलं हुतं त्यांना. म्हनल्या, न्याय झाकलेलाच हाय कमरुद्दीन, मी नवीन काय केलं न्हाई.

भार्गवी : आता 'विचार'.

हेमचंद्र : थांब. चष्मा घेऊ दे.

भार्गवी : ठिपका आहे.

कमरुद्दीन : मी सांगत हुतो. विचार झाकलेला हुता. निर्धार.

हेमचंद्र : 'निर्धार'वर मार पावडर.

कमरुद्दीन : कशाला मारायची? एकावर हाय म्हनजे दुसऱ्यावर न्हाई.

हेमचंद्र : मार.

भार्गवी : बाबा... ह्याच्यावरपण आहे.

कमरुद्दीन : बघू. व्हय की. मग बाई वाचायच्या काय? 'गणराज्य घडविण्याचा करत आहोत'? हे कुठलं मराठी?

भार्गवी : असं वाक्य आईनं ठेवलंच नसतं. मुलांचा अर्धा गुण कापायची ती याच्यासाठी.

हेमचंद्र : सरक जरा. उजेडात धर. हे एकच वर्तुळ नाही. 'विचार'वर बघ, एकावर एक आलेत. किती तरी. कडा जुळत नाहीत.

भार्गवी : 'निर्धार'वरही तसंच आहे. बाकी शब्दांवर वर्तुळावर वर्तुळ नाही, आणि या दोघांवर कागद पार खरबरीत झालाय. इथं तर सोललाय.

कमरुद्दीन : म्हनजे?

भार्गवी : म्हणजे टिकली एकच होती, चाचा. आई ती काढून इकडून तिकडं लावायची. कधी विचार झाकायची, कधी निर्धार.

कमरुद्दीन : रोज?

हेमचंद्र : रोज नाही. बातम्या बघून असणार.

कमरुद्दीन : मास्तर, माज्या दुकानात आल्या तो दिवस आठवतोय मला. हायवेकडंची दुकानं उठवायची नोटीस आलती. बाई माज्यासंगं सभेला आल्या हुत्या. सगळे बोलायला भ्यायले, तर त्याच उभ्या राहिल्या. तिथनं दुकानात आलो आन त्यांनी पिशवीतनं हे पान काढलं.

हेमचंद्र : आणि मला वाचून दाखवलं तो मतदानाचा दिवस होता. आयुष्यभर हिनं निवडणुकीची ड्युटी केली, लोकांच्या बोटांना शाई लावली. त्या दिवशी गेलो तर यादीत माझं नाव होतं आणि हिचं नव्हतं. घरी आली, चहा केला, आणि टिकली हलवली असणार. मग मला वाचून दाखवलं. मग हसली.

भार्गवी : मग तुम्ही दोघंही बरोबर.

कमरुद्दीन : ते काय उपेगाचं न्हाई. मला वाटलं हुतं आज मास्तर हारतील.

भार्गवी : बाबा, बाकीच्या मी रात्रीत लावते. तिच्या जुन्या टिकल्यांना डिंक लावून, ठिपक्यावर ठिपका. काळ्या चाचा देतील.

कमरुद्दीन : ह्या बाजारातल्या फेका आधी.

भार्गवी : राहिली ही एक. सांगा, कुठं लावू?

हेमचंद्र : तू काय म्हणत होतीस मघाशी? निर्धार उघडा ठेवावा?

भार्गवी : मघाशी म्हणत होते. आता मला नाही सांगता येत.

हेमचंद्र : कमरुद्दीन?

कमरुद्दीन : बाई गेल्यावर दुकानं उठवायची ती नोटीस परत आलीय. माजं मत इचारू नका, मी आज विचार बी झाकंन आन निर्धार बी.

भार्गवी : बाबा, मग तुम्ही ठरवा. तुम्हीच.

हेमचंद्र : मला तिनं कुठं लावली होती ते शोधायचं होतं. ते सापडलं. दोन्हीकडं लावली होती. शेवटची कुठं होती, ते पंख्यानं नेलं. आता आज तिनं कुठं लावली असती, हे मी कसं सांगू? तिच्याबरोबर रोज त्याच बातम्या बघायचो मी. उठून टिकली हलवायची ती, माझ्या नकळत.

कमरुद्दीन : मग उद्या काय नेनार शाळेत?

हेमचंद्र : हेच पान. सगळं लावून. हे दोन शब्द उघडे ठेवून.

भार्गवी : वाक्य चुकतं, बाबा. 'घडविण्याचा विचार निर्धार करत आहोत.' राधाकृष्ण सर मराठीचे आहेत. विचारतील, हे असं अर्धवट का?

हेमचंद्र : विचारू दे. सांग, एक टिकली लावायची राहिलीय.

भार्गवी : कुठं लावायची, असं विचारलं तर?

हेमचंद्र : ते ठरायचं राहिलंय म्हणावं.